पेशीचा मृत्यू : पिंपरीच्या प्रतिजैविकांच्या आधारे एका संकल्पनेचा विकास

१

विज्ञानाच्या इतिहासात काही संकल्पना अशा आढळतात, की ज्यांचा व्यवहारात उपयोग प्रथम होतो आणि अर्थ मागाहून उलगडतो. पेशीचा मृत्यू ही अशांपैकी एक संकल्पना होय. जखमेवर जंतुनाशक लावणारा वैद्य, दूध तापवून ठेवणारी गृहिणी, फळांवर औषध फवारणारा बागाईतदार हे सर्व जण सूक्ष्म पेशींना मारतात किंवा त्यांची वाढ रोखतात. परंतु मारणे व रोखणे या दोहोंतील भेद पाहण्याची गरज त्यांना सहसा पडत नाही. शास्त्रज्ञांनाही ती फार उशिरा पडली.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पेशीसिद्धांत सर्वमान्य झाला. १८५८ मध्ये रुडॉल्फ फिरखो यांनी रोगाचे अधिष्ठान पेशीत असते असे प्रतिपादन केले व पेशींचा नाश हा विकृतिविज्ञानाचा विषय ठरला. त्या काळी पेशीच्या मृत्यूकडे आघाताचा परिणाम म्हणून पाहिले जाई. आघात बाहेरून येतो, पेशी तो सोसते आणि नाश पावते, असा एकूण विचार होता. १८८५ मध्ये वाल्थर फ्लेमिंग यांनी अंडाशयातील ऱ्हास पावणाऱ्या पुटकांमध्ये पेशींची केंद्रके ठराविक क्रमाने तुकडे होऊन विरत जातात असे दाखविले. परंतु या क्रमबद्धतेचा अर्थ पुढे अनेक दशके कोणी फारसा शोधला नाही.

या प्रश्नाची उकल पुढे दोन वाटांनी झाली. एक वाट प्राण्यांच्या ऊतींमधून गेली व ती पाठ्यपुस्तकांतून सुपरिचित आहे. दुसरी वाट प्रतिजैविकांच्या अभ्यासातून गेली व तिचा विचार पेशीमृत्यूच्या इतिहासात अभावानेच होतो. या दुसऱ्या वाटेवर महाराष्ट्रातील एका स्थानाचे नाव ठळकपणे येते, ते म्हणजे पुण्याजवळील पिंपरी. तेथे निर्माण केलेल्या व शोधून काढलेल्या द्रव्यांच्या आधारे या संकल्पनेचा विकास तपासणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

२

आज पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत पसरलेल्या औद्योगिक पट्ट्याचे नाव काढले की मोटारी व यंत्रे डोळ्यांसमोर येतात. परंतु या पट्ट्यातील मोठ्या उद्योगांचा आरंभ औषधाच्या कारखान्याने झाला. १९५४ मध्ये भारत सरकारने पिंपरी येथे ‘हिंदुस्तान अँटिबायोटिक्स’ ही कंपनी स्थापन केली. जागतिक आरोग्य संघटना व संयुक्त राष्ट्रांचा बालनिधी यांचे साहाय्य तिला लाभले आणि १९५५ मध्ये पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. सार्वजनिक क्षेत्रातील औषधनिर्मितीचा भारतातील हा पहिला कारखाना होय.

पेनिसिलिनच्या उत्पादनात पेशीच्या जीवनाचा आणि मृत्यूचा संबंध फार निकटचा असतो. पेनिसिलियम क्रायसोजेनम ही बुरशी प्रचंड टाक्यांमध्ये निर्जंतुक हवेच्या पुरवठ्यावर वाढवावी लागते. हवेवाटे एखादा परका जीवाणू आत शिरला व तो पेनिसिलिनचा नाश करणारे एंझाइम निर्माण करणारा असला, तर संपूर्ण टाकी वाया जाते. म्हणजे एका पेशीला जगविण्यासाठी इतर सर्व पेशींना दूर ठेवावयाचे आणि तिच्यापासून मिळालेल्या द्रव्याने पुन्हा तिसऱ्याच पेशींना मारावयाचे, असा हा उद्योग आहे.

अशा उद्योगात मालाची शक्ती कशी मोजतात हे पाहणे उद्बोधक आहे. आगारच्या थरावर संवेदनशील जीवाणूंचे संवर्धन पसरून त्यावर लहान नळकांडी ठेवतात व त्यांत नमुन्याचे द्रावण भरतात. द्रावण भोवताली झिरपते आणि जेथपर्यंत त्याचा प्रभाव पोहोचतो तेथपर्यंत जीवाणूंची वाढ होत नाही. एक स्वच्छ वर्तुळ दिसते. त्या वर्तुळाचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजून प्रमाणद्रव्याशी तुलना केली की नमुन्यातील एककांची संख्या निघते. शुद्ध सोडियम बेंझिल पेनिसिलिनचे ०·६ मायक्रोग्रॅम म्हणजे एक एकक; दहा लाख एकके म्हणजे सुमारे ०·६ ग्रॅम. ही पद्धती ऑक्सफर्ड येथे नॉर्मन हीटली यांनी १९४० च्या सुमारास विकसित केली व ती जगभर रूढ झाली.

हे माप व्यवहारास पुरेसे होते. परंतु ते नेमके काय मोजते? वर्तुळात वाढ नाही एवढेच ते सांगते. तेथील जीवाणू मेले की केवळ थांबले, मेले असल्यास कशाने मेले, सर्व मेले की काही उरले, या प्रश्नांना त्या वर्तुळात उत्तर नाही. १९५५ मध्ये पिंपरीच्या टाक्यांतून पेनिसिलिन बाहेर पडू लागले तेव्हा या प्रश्नांपैकी बहुतेक जगातील सर्वच प्रयोगशाळांमध्ये अनुत्तरित होते.

३

पेनिसिलिन जीवाणूला कसे मारते, या प्रश्नाचा इतिहास पिंपरीच्या कारखान्यापेक्षा थोडा जुना आहे. १९२८ मध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांना बुरशीभोवतीच्या स्टॅफिलोकॉकसच्या वसाहती पारदर्शक होऊन विरघळताना दिसल्या. १९४० मध्ये फ्लोरी, चेन व त्यांचे सहकारी यांनी पेनिसिलिनचे रोगनाशक सामर्थ्य उंदरांवरील प्रयोगाने सिद्ध केले. त्याच वर्षी गार्डनर यांनी एक विलक्षण निरीक्षण नोंदविले. वाढ थांबविण्यास अपुऱ्या पडणाऱ्या अल्प प्रमाणात पेनिसिलिन दिले, तर काही दंडाकार जीवाणू विभागत नाहीत. ते लांबच लांब तंतू बनतात. विष म्हटले की सर्व व्यापार मंदावेल अशी अपेक्षा असते. येथे वाढ चालूच होती. केवळ तिची शिस्त मोडली होती.

१९४२ मध्ये ग्लॅडिस हॉबी व त्यांचे सहकारी यांनी दाखविले, की पेनिसिलिनने जे जीवाणू मरतात ते वाढत असलेले जीवाणू होत. ज्यांची वाढ थांबली आहे त्यांच्यावर त्याचा परिणाम जवळजवळ होत नाही. या निरीक्षणाचे महत्त्व फार मोठे आहे. आम्ल किंवा फिनॉल हे जिवंत पेशीला ती स्वस्थ असो वा क्रियाशील असो, सारखेच नष्ट करते. पेनिसिलिनला मात्र पेशीच्या सहकार्याची गरज भासते. पेशी आपले काम करीत असेल तरच ती मरते.

१९४४ मध्ये डब्लिनचे जोसेफ बिगर यांनी यापुढील पाऊल टाकले. भरपूर पेनिसिलिन घातलेल्या संवर्धनातही साधारणतः दहा लाखांत एक या प्रमाणात काही स्टॅफिलोकॉकस जिवंत राहतात असे त्यांना आढळले. हे अवशिष्ट जीवाणू पुन्हा वाढविले असता त्यांची संतती पूर्वीइतकीच संवेदनशील निघे. म्हणजे ते प्रतिरोधक नव्हते. बिगर यांनी त्यांना ‘चिवट’ या अर्थाचे नाव दिले आणि ते तात्पुरत्या निष्क्रिय अवस्थेत असावेत असे अनुमान केले. हे अनुमान पुढे जवळजवळ चार दशके दुर्लक्षित राहिले. १९८३ मध्ये मोयेद व बरट्रंड यांनी ई. कोलाय या जीवाणूत अशा चिवटपणाशी संबंधित जनुक शोधले, तेव्हा त्याला पुन्हा उजाळा मिळाला.

जीवाणूच्या शरीरातील कोणता भाग पेनिसिलिनचे लक्ष्य आहे, याचा अंदाज १९४६ मध्ये ड्यूगिड यांनी केला. पेशीच्या बाह्य आधारभूत भित्तीची निर्मिती थांबते, पण अंतर्भागाची वाढ चालू राहते, असे त्यांचे म्हणणे होते. १९४९ मध्ये पार्क व जॉन्सन यांना पेनिसिलिन दिलेल्या स्टॅफिलोकॉकसमध्ये युरिडिनयुक्त फॉस्फेट द्रव्ये साचलेली आढळली. १९५२ मध्ये पार्क यांनी त्यांची रचना निश्चित केली. ही द्रव्ये का साचतात हे त्या वेळी समजले नाही. उत्तर मिळाले ते १९५७ मध्ये. पार्क व स्ट्रॉमिंजर यांनी दाखविले, की साचलेल्या द्रव्यातील अमायनो साखर व अमायनो अम्ले यांचे प्रमाण जीवाणूच्या भित्तीतील प्रमाणाशी जुळते. घराचे बांधकाम अडले म्हणजे विटांचे ढीग अंगणात पडून राहावेत, तसा हा प्रकार होता. ड्यूगिड यांच्या अंदाजाला रासायनिक पुरावा मिळाला.

याच्या आदल्या वर्षी, म्हणजे १९५६ मध्ये, जोशुआ लेडरबर्ग यांनी एक निर्णायक प्रयोग केला होता. साध्या माध्यमात पेनिसिलिनने फुटून जाणारे ई. कोलाय हे जीवाणू शर्करेच्या दाट द्रावणात ठेवले असता फुटत नाहीत. त्यांची भित्ती नाहीशी होऊन ते गोल होतात व पेनिसिलिन काढून घेतल्यास पुन्हा पूर्ववत वाढू शकतात. पेशीच्या आतील परासरणी दाब पुष्कळ असतो आणि भित्ती तो सावरून धरते. भित्ती दुबळी झाली की हा दाबच पेशीला फोडतो. बाहेरचा दाब आतल्या दाबाशी जुळवला की तीच पेशी वाचते. म्हणजे पेनिसिलिनने झालेली हानी आणि पेशीचा मृत्यू या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पहिलीवरून दुसरी घडेल की नाही हे परिस्थितीवर अवलंबून असते.

१९६५ मध्ये टिपर व स्ट्रॉमिंजर यांनी, तसेच स्वतंत्रपणे वाइज व पार्क यांनी, पेनिसिलिनचे नेमके कार्य स्पष्ट केले. जीवाणूच्या भित्तीतील साखळ्या एकमेकींना आडव्या बंधांनी जोडल्या जातात. या जोडणीच्या वेळी साखळीच्या टोकाकडील दोन डी-अ‍ॅलनिनपैकी शेवटचे सुटते. पेनिसिलिनची रचना या जोडीसारखी असल्याने जोडणी करणारे एंझाइम फसते व त्याच्याशी कायमचे बांधले जाते. अशा रीतीने पिंपरीत उत्पादन सुरू झाल्यानंतर दहा वर्षांनी, आणि पेनिसिलिनच्या शोधानंतर सदतीस वर्षांनी, त्याच्या प्रहाराची जागा कळली.

४

येथे प्रश्न संपला असे पुष्कळांना वाटले. वास्तविक येथेच तो नव्या स्वरूपात उभा राहिला. जोडणी थांबली तर भित्तीची वाढ थांबावी. असलेली भित्ती का फुटावी?

याचे उत्तर जीवाणूच्या स्वतःच्या व्यापारात दडलेले होते. १९६४ मध्ये वाइडेल व पेल्झर यांनी अशी कल्पना मांडली, की भित्ती ही सर्व बाजूंनी बंद असलेली एकच विशाल रेणूरूप पिशवी आहे. अशी पिशवी वाढवावयाची तर तिच्यात जागोजाग छेद घेऊन नवे तुकडे बसवावे लागतात. अर्थात पेशीजवळ बांधणारी तशीच तोडणारी एंझाइमे असली पाहिजेत आणि त्या दोहोंचा तोल सतत राखला गेला पाहिजे. पेनिसिलिन बांधणाऱ्यांना थोपविते. तोडणारी आपले काम करीतच राहतात.

१९७० मध्ये अलेक्झांडर टोमाझ व त्यांच्या सहकाऱ्यांनी या कल्पनेची कसोटी घेतली. ज्यांची आत्मलयनी यंत्रणा दडपलेली आहे असे न्यूमोकोकस जीवाणू त्यांनी पेनिसिलिनमध्ये ठेवले. त्यांची वाढ थांबली, पण ते फुटले नाहीत. आगारवरील वर्तुळाच्या मापाने पाहिले असता हे जीवाणू नेहमीच्या जीवाणूंइतकेच संवेदनशील ठरले असते, कारण वाढ दोन्ही ठिकाणी थांबते. परंतु एका ठिकाणी थांबणे म्हणजे नाश होता आणि दुसऱ्या ठिकाणी तो विराम होता. या अवस्थेला पुढे सहिष्णुता असे नाव मिळाले. प्रतिरोध म्हणजे औषधाला न जुमानता वाढणे. सहिष्णुता म्हणजे औषध असेपर्यंत न वाढणे आणि न मरणे. हृदयाच्या झडपांवरील संसर्गासारख्या विकारांत, जेथे शरीराची संरक्षक यंत्रणा दुबळी पडते, तेथे हा भेद रोग्याच्या जीविताचा प्रश्न ठरतो.

१९७५ मध्ये स्प्रॅट यांनी ई. कोलायमध्ये पेनिसिलिनला बांधणारी प्रथिने एकापेक्षा अधिक आहेत आणि त्यांची कामे भिन्न आहेत असे दाखविले. एक अडले तर पेशी गोल होते, दुसरे अडले तर ती तंतुरूप होते, आणखी एक अडले तर ती फुटते. गार्डनर यांच्या १९४० मधील तंतूंचा अर्थ पस्तीस वर्षांनी अशा रीतीने लागला.

तथापि फुटणे म्हणजेच मरणे, हे समीकरणही टिकले नाही. १९९० मध्ये टोमाझ यांच्याच प्रयोगशाळेतून असे सिद्ध झाले, की आत्मलयनी एंझाइम काढून टाकलेले न्यूमोकोकससुद्धा पेनिसिलिनने काही प्रमाणात मरतात, फक्त न फुटता. २००७ मध्ये अमेरिकेतील एका संशोधकगटाने असे प्रतिपादन केले, की निरनिराळी जीवाणूनाशक औषधे शेवटी एकाच मार्गाने, म्हणजे ऑक्सिजनजन्य घातक मूलकांच्या द्वारे, मारतात. २०१३ मध्ये इतर दोन गटांनी प्राणवायूच्या अभावीही ही औषधे मारतात असे दाखवून त्यावर गंभीर आक्षेप घेतले. २०१४ मध्ये चो, उएहारा व बर्नहार्ट यांनी ई. कोलायमध्ये आणखी एक बाब उजेडात आणली. विशिष्ट बीटा-लॅक्टम औषधाच्या प्रभावाखाली पेशी भित्तीचे नवे धागे विणते आणि लगेच तेच तोडून टाकते. या निष्फळ चक्रात तिची सामग्री संपत जाते. म्हणजे अडवलेले यंत्र थांबत नाही. ते उलटे चालू लागते.

पिंपरीत पेनिसिलिननंतर स्ट्रेप्टोमायसिनचेही उत्पादन झाले. त्याचा इतिहासही याच दिशेचा आहे. १९६४ मध्ये डेव्हिस, गिल्बर्ट व गोरिनी यांनी स्ट्रेप्टोमायसिनमुळे रायबोसोम आनुवंशिक संदेश चुकीचा वाचतात असे दाखविले. प्रथिननिर्मिती अगदी थांबविणारी काही औषधे जीवाणूला केवळ रोखतात. ती चुकीच्या मार्गाने चालू ठेवणारे स्ट्रेप्टोमायसिन मात्र मारते. चुकीची प्रथिने पेशीपटलात शिरून त्याला सच्छिद्र करतात, हे त्याचे एक मान्य स्पष्टीकरण आहे.

५

आतापर्यंतची द्रव्ये परदेशात शोधलेली व पिंपरीत निर्माण केलेली होती. पिंपरीचा स्वतःचा वाटा याहून निराळा आहे. कारखान्याच्या संशोधन विभागात एम. जे. थिरुमलाचार या कवकशास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखाली मातीतील सूक्ष्मजीवांचा पद्धतशीर शोध सुरू झाला. १९५८ पासून संस्थेने ‘हिंदुस्तान अँटिबायोटिक्स बुलेटिन’ हे स्वतःचे नियतकालिक काढले. १९६१ मध्ये त्यातून हॅमायसिन या नव्या कवकनाशक प्रतिजैविकाची वार्ता प्रसिद्ध झाली. कंपनीच्या नावावरून द्रव्याला हे नाव मिळाले आणि ते निर्माण करणाऱ्या सूक्ष्मजीवाचे नामकरण स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना असे झाले. गावाचे नाव अशा प्रकारे सूक्ष्मजीवांच्या द्विनाम पद्धतीत दाखल झाले. १९६४ मध्ये ऑरिओफंजिन हे वनस्पतींच्या कवकरोगांवरील द्रव्य पुढे आले.

हॅमायसिन व ऑरिओफंजिन ही दोन्ही पॉलिईन वर्गातील, सात द्विबंधांची सलग शृंखला असलेली द्रव्ये होत. या वर्गाचा आरंभ १९५० मध्ये हेझेन व ब्राउन यांनी शोधलेल्या निस्टॅटिनपासून होतो. हॅमायसिन हे तोंड, कान व त्वचा येथील कवकसंसर्गांवर लावण्याचे औषध म्हणून वापरात आले. कवकाच्या पेशीला ते का मारते आणि जीवाणूला का मारत नाही, हा प्रश्न मात्र संपूर्ण पॉलिईन वर्गाचा होता आणि त्याचे उत्तर त्याच वर्षांत आकार घेत होते.

१९५८ मध्ये गॉटलिब व सहकाऱ्यांनी माध्यमात स्टेरॉल मिसळले असता कवक पॉलिईनपासून वाचतात असे दाखविले. लॅम्पेन यांच्या संशोधनातून, किण्वाच्या पटलातील स्टेरॉलशीच निस्टॅटिन बांधले जाते, हे पुढील काही वर्षांत स्पष्ट झाले. कवकांच्या पटलात एर्गोस्टेरॉल असते. बहुसंख्य जीवाणूंच्या पटलात स्टेरॉल नसते. म्हणून जीवाणू सुटतात. प्राण्यांच्या पटलात कोलेस्टेरॉल असते व त्याच्याशीही ही औषधे काही प्रमाणात बांधली जातात. त्यांच्या विषारीपणाचे मूळ यात आहे. पटलातून पोटॅशियमचे आयन गळतात ही गोष्ट दिसून आल्यावर १९७४ मध्ये दे क्राइफ व देमेल यांनी असे चित्र रेखाटले, की औषध व स्टेरॉल यांचे रेणू पिंपाच्या फळ्यांप्रमाणे वर्तुळाकार उभे राहून पटलात छिद्र पाडतात.

हे चित्र इतके सुबोध होते, की ते जवळजवळ चार दशके निर्विवाद राहिले. २०१२ व २०१४ मध्ये अँफोटेरिसिन बी या पॉलिईनवरील संशोधनाने त्याला हादरा दिला. मार्टिन बर्क व सहकाऱ्यांनी छिद्र पाडू न शकणारे पण एर्गोस्टेरॉलशी बांधले जाणारे परिवर्तित रेणू तयार केले; तेही किण्वाला मारतात असे आढळले. औषधाचे रेणू पटलाबाहेर समूहाने राहून पटलातील एर्गोस्टेरॉल स्पंजाप्रमाणे शोषून घेतात, आणि एर्गोस्टेरॉलवाचून पटलाचे अनेक व्यापार अशक्य होतात, असा नवा अर्थ पुढे आला. छिद्रे पडतात हे खरे. परंतु मृत्यूचे मुख्य कारण तीच आहेत असे आता म्हणता येत नाही. येथेही पेशीला दिसणारी जखम आणि पेशीच्या मृत्यूचे कारण यांत अंतर पडले.

१९६८ मध्ये पिंपरीच्याच बुलेटिनात अँटिअमीबिन या आदिजीव व कृमी यांवरील द्रव्याची माहिती प्रसिद्ध झाली. ते निर्माण करणाऱ्या कवकांपैकी एकाचे नाव एमेरिसेलॉप्सिस पूनेन्सिस, तर दुसऱ्याचे सेफॅलोस्पोरियम पिंप्रिना असे आहे. हे द्रव्य लहान पेप्टाइड असून त्यात नेहमीच्या प्रथिनांत न आढळणारे आमिनोआयसोब्युटिरिक अम्ल विपुल असते. १९९८ मध्ये त्याची स्फटिकरचना निश्चित झाली व ते पटलातून आयनांचे वहन घडवून आणते असे स्पष्ट झाले. शोधापासून स्पष्टीकरणापर्यंत येथे तीस वर्षांचे अंतर आहे.

६

प्राण्यांच्या पेशींच्या अभ्यासातून गेलेली वाट आता थोडक्यात पाहावयास हवी, म्हणजे दोहोंची तुलना करता येईल. १९५१ मध्ये ग्लुक्समान यांनी गर्भाच्या वाढीत असंख्य पेशी नियमाने मरतात याचे विस्तृत पुरावे एकत्र केले. १९६४ मध्ये लॉकशिन व विल्यम्स यांनी रेशीमपतंगाच्या स्नायूंच्या ऱ्हासाचे वर्णन करताना ‘आयोजित पेशीमृत्यू’ ही संज्ञा वापरली. १९७२ मध्ये कर, वायली व करी यांनी पानगळीचा अर्थ असलेल्या ग्रीक शब्दावरून अ‍ॅपॉप्टोसिस ही संज्ञा रूढ केली. या प्रकारात पेशी आकसते, तिची केंद्रके तुकडे होतात व शेजारच्या पेशी ते तुकडे गिळून टाकतात. वाल्थर फ्लेमिंग यांनी १८८५ मध्ये पाहिलेले दृश्य हेच होते असे आता मानले जाते. १९८६ मध्ये हॉरविट्झ यांच्या प्रयोगशाळेत एका सूक्ष्म कृमीत या मृत्यूसाठी आवश्यक असलेली जनुके सापडली आणि २००२ मध्ये ब्रेनर, हॉरविट्झ व सल्स्टन यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

जीवाणूचे पेनिसिलिनने फुटणे आणि प्राणिपेशीचे अ‍ॅपॉप्टोसिस या एकच गोष्टी नव्हेत. बहुपेशीय प्राण्यात पेशीच्या मरण्याने देहाचे हित साधते आणि त्यासाठी आखलेली यंत्रणा उत्क्रांत झालेली आहे. जीवाणूची तोडणारी एंझाइमे भित्तीच्या वाढीसाठी असतात. पेनिसिलिनच्या प्रभावाखाली ती घातक ठरतात एवढेच. हा भेद पुसता कामा नये. तरीही दोन्ही वाटांवर विचाराचे एक समान स्थित्यंतर घडलेले दिसते, आणि तेही थोड्याच वर्षांच्या अंतराने. १९७० मध्ये टोमाझ यांनी जीवाणूच्या बाबतीत व १९७२ मध्ये कर आणि सहकाऱ्यांनी प्राणिपेशीच्या बाबतीत, पेशीचे काय केले गेले या प्रश्नाच्या शेजारी पेशीने स्वतः काय केले हा प्रश्न आणून ठेवला. फिरखोंच्या काळी केवळ सोसणारी मानलेली पेशी आता आपल्या मृत्यूतील कर्ती म्हणून पाहिली जाऊ लागली.

दुसरे साम्य मृत्यूच्या व्याख्येतील अडचणीचे आहे. सूक्ष्मजीवशास्त्रात जी पेशी वाढून वसाहत निर्माण करू शकत नाही तिला मृत मानतात. २००५ मध्ये पेशीमृत्यूच्या परिभाषेसाठी नेमलेल्या आंतरराष्ट्रीय समितीने प्राणिपेशीसाठी निराळ्या कसोट्या सुचविल्या : पटलाची अखंडता नष्ट होणे, पेशीचे पूर्ण तुकडे होणे किंवा शेजारच्या पेशीने ती गिळणे. पहिली कसोटी पेशीच्या भविष्यावर बोट ठेवते, दुसऱ्या तिच्या वर्तमान अवस्थेवर. बिगर यांचे चिवट जीवाणू औषध चालू असताना वाढत नाहीत आणि औषध संपल्यावर वाढतात. त्यांना कोणत्या क्षणी काय म्हणावयाचे हे कसोटीवर अवलंबून राहते. मृत्यू ही निसर्गातील घटना असली, तरी तिची नोंद ही मापनपद्धतीची निर्मिती असते.

७

या इतिहासातून पिंपरीच्या कार्याचे मूल्यमापन कसे करावयाचे? एका नवस्वतंत्र देशाने काही वर्षांच्या आत पेनिसिलिन स्वतः तयार करावे व त्यानंतर थोड्याच काळात स्वतःचे नवे प्रतिजैविक शोधून काढावे, ही साधी गोष्ट नव्हती. १९६१, १९६४ व १९६८ या वर्षांतील तीन द्रव्ये मातीच्या शोधातून, सूक्ष्मजीवांच्या वर्गीकरणाच्या पक्क्या ज्ञानातून आणि त्या वर्तुळांच्या चिकाटीच्या मापनातून मिळाली. परंतु ज्या कामासाठी कारखाना उभा होता त्याचे माप वाढीच्या अवरोधाचे होते. त्या मापाने नवे द्रव्य सापडते, मालाची शक्ती ठरते, रोग्यापर्यंत औषध पोहोचते. पेशीच्या मृत्यूचे स्वरूप मात्र त्यातून दिसत नाही. पिंपरीच्या द्रव्यांच्या वर्गाविषयीचे मूलभूत स्पष्टीकरण प्रामुख्याने इतरत्र झाले, याचे एक कारण तेथे शोधावे लागते. हा दोष व्यक्तींचा मानणे अन्यायाचे होईल. एका साधनाने विचारलेल्या प्रश्नालाच ते साधन उत्तर देते, याचे हे उदाहरण आहे.

आज प्रतिरोधी जीवाणू व कवक यांचा प्रश्न जगभर तीव्र झाला असताना हा मुद्दा निव्वळ ऐतिहासिक राहिलेला नाही. प्रतिरोध मोजण्याच्या रूढ चाचण्या अद्यापि मुख्यतः वाढीचा अवरोधच मोजतात. सहिष्णू व चिवट पेशी त्यांतून निसटतात. उपचार संपल्यावर उलटणाऱ्या संसर्गांमागे अशा पेशींचा हात असल्याचे पुरावे वाढत आहेत. पदव्युत्तर प्रयोगशाळेत आगारवरील स्वच्छ वर्तुळ मोजणाऱ्या विद्यार्थ्याने व्यास वहीत लिहिल्यावर त्या वर्तुळातील थोडा आगार उचलून ताज्या, औषधरहित माध्यमात घालून पाहावा. तेथे काही उगवते की नाही, हा प्रयोग अतिशय साधा आहे. फ्लेमिंगपासून बर्कपर्यंतचा सारा इतिहास मात्र त्याच प्रश्नाभोवती फिरलेला आहे : जे थांबलेले दिसते ते मेले आहे काय, आणि मेले असल्यास ते कोणाच्या हातून?